बंद पडलं, म्हणजे नेमकं काय झालं?

रावेरमधल्या डीटीपीच्या दुकानात, केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसात किंवा फळपीक विम्याचे अर्ज भरणाऱ्या केंद्रावर कॉम्प्युटरची तक्रार साधारण तीन शब्दांत येते: 'हँग झालं', 'बंद पडलं', 'उडालं'. बोलणाऱ्याच्या लेखी तिन्हींचा अर्थ एकच, काम अडलं. बाहेर केळीची गाडी भरून उभी असते, बिल्टी छापायची असते, आणि समोरची खिडकी नाहीशी झालेली असते. अशा वेळी कोण शब्द तोलून बोलणार? पण दोष शोधायचा तर सुरुवात इथूनच होते, कारण या तीन वेगवेगळ्या घटना आहेत आणि तिन्हींची कारणं वेगवेगळ्या जागी दडलेली असतात.

पूर्ण मशीनच बंद झालं, पडदा काळा पडला किंवा कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट झाला, तर कुठल्याही प्रोग्रामला दोष देण्याआधी वीज आणि उष्णता बघावी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. बंद खोलीत, धुळीने भरलेल्या पंख्याखाली चालणारा प्रोसेसर सहज १०० अंशांच्या जवळ जातो. तिथे तो आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही तापला तर जळू नये म्हणून बंद होतो. दुपारी बंद पडणारं आणि सकाळी बिनतक्रार चालणारं मशीन बहुतेक वेळा हेच सांगत असतं. खिडकी जागच्या जागी आहे, पण क्लिक घेत नाही, तर ते हँग होणं. प्रोग्राम कशाची तरी वाट बघत असतो: प्रिंटरची, नेटवर्कवरच्या फोल्डरची, किंवा कधीच न संपणाऱ्या स्वतःच्या हिशोबाची. आणि खिडकी एका क्षणात गायब झाली, बाकी सगळं मात्र सुरळीत आहे, तर तो क्रॅश. हे प्रकरण त्या तिसऱ्या घटनेबद्दल आहे.

क्रॅश म्हणजे प्रोग्राम 'मरतो' असं आपण म्हणतो. खरं तर बहुतेक वेळा त्याला मारलं जातं. प्रत्येक प्रोग्रामला ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीचा ठरावीक भाग देते. चुकीने त्याने आपल्या हद्दीबाहेरचा पत्ता वाचायला किंवा लिहायला घेतला की सिस्टीम त्याला तिथल्या तिथे थांबवते, कारण तसं न केलं तर इतरांच्या माहितीची वाट लागेल. विंडोज या गुन्ह्याला 'ॲक्सेस व्हायोलेशन' म्हणतं आणि सी००००००५ हा क्रमांक देतं. मॅकवर तोच 'बॅड ॲक्सेस' म्हणून नोंदला जातो, लिनक्सवर 'सेगमेंटेशन फॉल्ट', सिग्नल ११. तीन नावं, गुन्हा एकच. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा प्रणालीमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली आणि आपल्या देशातल्या विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या घटनेच्या मुळाशीही एवढंच होतं. त्या प्रणालीच्या एका नियमात २१ व्या रकान्याचा उल्लेख होता, पुरवलेले रकाने होते २०. प्रोग्राम २१ वा वाचायला गेला आणि हद्दीबाहेर पोहोचला. तो सिस्टीमच्या गाभ्यात चालत असल्याने एकटा गेला नाही, पूर्ण मशीन घेऊन गेला. त्याच कंपनीची प्रणाली वापरणाऱ्या मॅक आणि लिनक्स मशीनना त्या दिवशी धक्काही लागला नाही.

ही शेवटची गोष्ट आपल्या कामाची आहे. एकच प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालावा, ही कल्पना आता रोजच्या वापरात आली आहे. लिबरऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी, इंकस्केप, क्यूजीआयएस ही सगळी त्याच जातीची. छोट्या गावांत त्याला आणखी एक कारण मिळालं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला. जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही, म्हणून अनेकांनी त्यावर लिनक्स टाकलं. मग एकाच ऑफिसात एका टेबलावर विंडोज, दुसऱ्यावर लिनक्स आणि पुण्याला शिकणाऱ्या मुलाच्या बॅगेत मॅक अशी स्थिती येते. फाइल तीच, प्रोग्राम तोच, आणि क्रॅश मात्र एकाच टेबलावर होतो.

असं का होतं? वरून एकच दिसणारा प्रोग्राम खालच्या बाजूला तीन वेगळ्या जमिनींवर उभा असतो. अक्षरं काढणं, फाइल उघडणं, ग्राफिक्स कार्डाशी बोलणं, छपाई करणं, या प्रत्येक कामाला त्याला त्या त्या सिस्टीमचा हात धरावा लागतो. कधी तर चूक तिन्हीकडे असते आणि दिसते एकीकडेच. प्रोग्रामरने मेमरीचा एक कप्पा रिकामा करून न घेताच वापरला, तर एका सिस्टीमवर तिथे योगायोगाने शून्य असतं आणि काम निभावतं. दुसरीवर तिथे जुना कचरा असतो आणि प्रोग्राम कोसळतो. म्हणून 'लिनक्सवर चालतंय, म्हणजे विंडोज खराब' हा निष्कर्ष घाईचा ठरतो. मात्र दुसऱ्या सिस्टीमवर तीच फाइल उघडून बघणं ही मोठी सोय आहे. शोधाचं निम्मं क्षेत्र ती एका झटक्यात कमी करते.

आपल्याकडे क्रॅशवरचा पहिला उपाय ठरलेला आहे: काढून टाका आणि पुन्हा इन्स्टॉल करा. माझा याला ठाम विरोध आहे. विहिरीवरची मोटार पाणी ओढेनाशी झाली तर रावेरचा शेतकरी नवी मोटार आणायला धावत नाही. आधी तिन्ही फेज येतात का ते बघतो, मग फूटव्हॉल्व्ह, मग पाइप. प्रोग्रामच्या बाबतीत हेच शहाणपण आपण वापरत नाही. लिबरऑफिस किंवा फायरफॉक्स काढून टाकलं तरी तुमच्या सेटिंग्ज, एक्स्टेन्शन आणि जमवलेला शब्दकोश ज्या फोल्डरमध्ये असतो तो, म्हणजे प्रोफाइल, तसाच मागे राहतो. बिघाड त्याच फोल्डरमध्ये असेल तर नवा कोरा प्रोग्राम पहिल्याच मिनिटाला जुन्या रोगासकट उभा राहतो. आणि इन्स्टॉलच्या धांदलीत आधीची आवृत्ती कोणती होती हा सर्वात मोलाचा पुरावा मात्र हरवतो. प्रोफाइलवर संशय असेल तर लिबरऑफिसच्या मदत मेन्यूत 'सेफ मोड'मध्ये पुन्हा सुरू करण्याची सोय आहे. तिथे प्रोग्राम तुमच्या सेटिंग्ज बाजूला ठेवून कोऱ्या अवस्थेत उघडतो. फायरफॉक्समधली अशीच सोय म्हणजे 'ट्रबलशूट मोड'. त्यात क्रॅश थांबला, तर दोष बहुधा प्रोग्रामचा नाही, प्रोफाइलचा. दोन मिनिटांचं काम आहे.

त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायचा: दर वेळी एकाच जागी कोसळतं की कुठेही? तीच फाइल, तेच बटण आणि तोच शेवट असेल तर कारण सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ते सापडणार. आज लिबरऑफिस, उद्या ब्राउझर, परवा आणखी काही, कुठलाही धरबंध नाही, तर मेमरीची पट्टी तपासावी. विंडोजमध्ये त्यासाठी मेमरी डायग्नॉस्टिक आहे. ते पुरेसं न वाटल्यास मेमटेस्ट८६+ पेन ड्राइव्हवरून चालतं, रात्रभर लावून ठेवायचं.

पुरावा कुठे असतो? विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडून 'ॲप्लिकेशन'च्या नोंदींत जा. तिथे १००० क्रमांकाची नोंद क्रॅशची आणि १००२ ची हँग होण्याची. म्हणजे सुरुवातीला केलेला फरक सिस्टीम स्वतःच करून ठेवते. मॅकवर 'कन्सोल'मध्ये क्रॅश रिपोर्ट असतात, आणि आजच्या बहुतेक लिनक्सवर 'कोअरडंपसीटीएल' ही आज्ञा यादी देते. विंडोजच्या नोंदीत 'फॉल्टिंग मॉड्यूल' नावाची ओळ असते, तिच्यावर बोट ठेवून वाचावं. तिथे एनव्हीओजीएलव्ही६४.डीएलएल असं काही दिसलं तर ती एनव्हिडियाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरची फाइल आहे. मग लिबरऑफिसच्या पर्यायांत जाऊन 'स्किआ' ही चित्रण पद्धत फक्त सॉफ्टवेअरवर चालेल अशी करायची आणि पुन्हा बघायचं. एनटीडीएलएल.डीएलएल दिसलं तर मात्र हुरळून जाऊ नये. तो विंडोजचा पायाभूत भाग आहे. दुसऱ्याने केलेली मेमरीची नासधूस अनेकदा तिथे पोहोचल्यावर उघडकीला येते.

संदेशात ज्याचं नाव येतं तोच गुन्हेगार, असं नसतं. २०२४ मध्ये जगभरात अनेकांचे गेम 'ग्राफिक्सची मेमरी संपली' असं सांगून कोसळत होते. लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली, ड्रायव्हर बदलले. शेवटी कारण निघालं इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये. ते गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्याने हळूहळू खराब होत होते. बिचाऱ्या कार्डाचा काही संबंध नव्हता.

आता आपल्या खास घरच्या कारणांकडे येऊ. इंग्रजीत काम करणाऱ्याला जी अडचण वर्षानुवर्षं येत नाही, ती मराठीत नाव दिलेल्या पहिल्याच फाइलला येऊ शकते.

विंडोजमध्ये रशियन, ग्रीक, थाई अशा लिपींसाठी जुन्या पद्धतीची 'कोड पेज' होती. देवनागरीसाठी तशी कधीच नव्हती. विंडोज २००० मध्ये मराठी आली ती थेट युनिकोडवर. त्यामुळे जुन्या पद्धतीने फाइलचं नाव मागणाऱ्या प्रोग्रामला रशियात रशियन नाव मिळतं, आपल्याकडे मात्र प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह मिळतं. विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, म्हणजे त्या नावाची फाइल उघडणं अशक्य. प्रोग्राम नीट लिहिला असेल तर 'फाइल सापडली नाही' म्हणतो. नसेल तर न सापडलेल्या फाइलमधून वाचायला जातो आणि कोसळतो. कॉम्प्युटर घेताना हौसेने स्वतःचं नाव देवनागरीत टाकलं असेल तर 'युजर्स'मधलं फोल्डरच देवनागरीत तयार होतं. प्रोग्रामच्या तात्पुरत्या फाइलींची वाटही त्यातूनच जाते. सुरू होताहोताच बंद पडणाऱ्या प्रोग्रामचं हे एक नेहमीचं कारण. रोमन अक्षरांत दुसरा युजर तयार करून त्यातून चालवून पाहावं. हा उपाय मला मनापासून खटकतो, पण आज तो लागू पडतो.

लिनक्सवर वेगळीच अट. तिथे फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे काना, मात्रा, हलन्त सगळं धरून ८५ चिन्हं. गावाचं नाव, हंगाम, कांदेबाग की मृगबाग, योजना आणि वर्ष असं सगळं नावातच लिहायची सवय असेल तर विंडोजवर मजेत बसलेली फाइल लिनक्सवर कॉपीच होत नाही.

आणि मग 'ऱ' येतो. रावेरहून रोज ज्या गावाशी व्यवहार चालतो त्या बऱ्हाणपूरच्या नावात तो आहे, शेतकऱ्याच्या, व्यापाऱ्याच्या आणि दुसऱ्याच्या रूपातही आहे. युनिकोडमध्ये 'ऱ' दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं जोडून. शिवाय 'ऱ्ह'मधला तो वळणदार अर्धा र तिसऱ्या रीतीनेही येतो, र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक घालून. डोळ्यांना तिन्ही बऱ्हाणपूर सारखेच. मोजले तर पहिला २७ बाइटचा आणि उरलेले दोन्ही ३० बाइटचे. मॅकची जुनी फाइलपद्धत एकसंध 'ऱ' स्वतःहून फोडून ठेवायची. २०१७ मध्ये आलेल्या नव्या पद्धतीने ते थांबवलं. त्या जुन्या मॅकवरून झिप होऊन आलेली 'बऱ्हाणपूर भाडे' ही फाइल विंडोजवर आधीच असलेल्या त्याच नावाच्या फाइलशेजारी जाऊन बसते. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात. हिशोबाच्या तक्त्यातला दुवा एकीला धरतो, माणूस बदल दुसरीत करतो. आणि एखाद्या प्रोग्रामने रूपांतराआधी लांबी मोजून २७ बाइटची जागा राखली आणि नंतर त्यात ३० भरले, तर ते जास्तीचे तीन बाइट शेजारच्या हद्दीत जातात. क्रॅशची व्याख्या आठवा.

लिपीमुळे होणाऱ्या क्रॅशचं सर्वात गाजलेलं उदाहरण फेब्रुवारी २०१८ मधलं आहे. तेलुगूतलं 'ज्ञा' हे एक अक्षर विशिष्ट रीतीने लिहून पाठवलं की आयफोन आणि मॅकवरचे ॲप धडाधड बंद पडत. मेसेज उघडा, ते बंद. ब्राउझरमध्ये बघा, तोही बंद. नोटिफिकेशनमध्ये आलं तर फोनचा मुख्य पडदाच पुन्हा पुन्हा कोसळायचा. तोच मजकूर अँड्रॉइडवर आणि विंडोजवर शांतपणे दिसत होता. इतके वेगवेगळे ॲप एकाच गोष्टीवर पडतात, म्हणजे दोष ॲपमध्ये नसून त्यांच्या खाली, अक्षरं जुळवणाऱ्या समाईक भागात आहे, हे पहिलं अनुमान. पण नेमकं कोणत्या जुळणीवर? त्या वेळी मोझिलात काम करणारे मनीष गोरेगावकर यांनी एकेक चिन्ह बदलत तो साचा शोधून काढला: एक व्यंजन, हलन्त, दुसरं व्यंजन, मग अक्षरं जोडू न देणारं एक अदृश्य चिन्ह, आणि शेवटी स्वरचिन्ह. आणि हा साचा तेलुगूपुरता नव्हताच. बंगाली आणि देवनागरीतही तो लागू होता. देवनागरीत दुसरं व्यंजन र असलं की पुरे, म्हणजे 'प्र'नंतर ते अदृश्य चिन्ह आणि मग काना. बातम्यांत सगळीकडे 'तेलुगू अक्षर' म्हणून गाजलेला दोष मराठी मजकुरालाही तितकाच लागू होता. ॲपलने १९ फेब्रुवारीला आयओएस ११.२.६ आणि मॅकसाठीची दुरुस्ती आणली.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लिपीच्या आत काय चालतं हे ठाऊक असलेला माणूस शोधाला बसला, म्हणून एका अक्षराच्या तक्रारीतून पूर्ण नियम हाती आला. ते अदृश्य चिन्ह आपल्या मजकुरातही असतं. काही कीबोर्ड आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी काही साधनं ते मागे सोडून जातात. लग्नपत्रिकेचा जुना मसुदा बदलून घेतला आणि एका नावावर प्रोग्राम अडायला लागला, तर त्या नावाचा मजकूर कॉपी न करता हाताने नव्याने टाइप करून बघावा. पुष्कळदा एवढ्याने काम भागतं.

लिबरऑफिसने या बाबतीत एक चांगलं पाऊल २०१७ मध्ये उचललं. तोवर ते अक्षरजुळणीसाठी विंडोजवर विंडोजची, मॅकवर मॅकची आणि लिनक्सवर हार्फबझ ही यंत्रणा वापरायचं. एकाच 'र्‍या'ची तीन नशिबं. ५.३ या आवृत्तीपासून तिन्हीकडे हार्फबझ आलं. आता मराठी मजकूर तिन्ही टेबलांवर सारखा बसतो, आणि चुकला तरी तिन्हीकडे सारखा चुकतो. दुरुस्त करणाऱ्याला याहून मोठी मदत नाही.

मोठ्या फाइलमधली नेमकी ओळ शोधायची रीत सोपी आहे, लागतो तो संयम. सगळ्यात आधी फाइलची प्रत करायची. मूळ फाइलला हात लावायचा नाही. क्रॅशनंतर फाइलशेजारी '.~लॉक'ने सुरू होणारी एक छोटी फाइल कधी कधी उरते, आणि दुसऱ्या टेबलावर 'ही फाइल अमुक माणसाने उघडली आहे' असा निरोप येतो. फाइल खरोखर कुठेच उघडी नाही याची खात्री करून ती काढून टाकावी. मग प्रतीतला अर्धा भाग पुसायचा. उरलेल्या अर्ध्यावर कोसळतं का? कोसळत असेल तर त्याचं अर्धं करा, नसेल तर दुसरा अर्धा भाग घ्या. ६४ पानांची स्मरणिका सहा वेळा अर्धी केली की एक पान उरतं. २,०४८ ओळींची शेतकऱ्यांची यादी अकरा वेळा अर्धी केली की एक ओळ. तिथे पोहोचल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदलायची: फॉन्ट बदलून पाहा, मग ठळकपणा काढा, मग अक्षरं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि क्रॅश थांबला, तर कशाने थांबला ते कळायचा मार्ग राहत नाही.

ती एक ओळ हाती आली की काम संपलं असं समजून बहुतेक लोक ती नव्याने लिहितात आणि पुढे जातात. घाईच्या दिवसात तेही समजू शकतं. पण तो दोष पुढच्या दुकानात, सावद्यात, फैजपुरात, नाहीतर नांदेडमध्ये पुन्हा कोणाला तरी गाठणार. स्टीव्ह बामर मायक्रोसॉफ्टचे प्रमुख असताना, २००२ मध्ये, त्यांनी ग्राहकांना लिहिलं होतं की लोकांकडून आलेल्या क्रॅशच्या नोंदींत २० टक्के दोष ८० टक्के बिघाड घडवतात आणि निम्मे बिघाड तर अवघ्या एक टक्का दोषांतून येतात. कंपनीला हे समजलं ते नोंदी आल्या म्हणून. ज्यांच्याकडून नोंदी जात नाहीत, त्यांचे दोष या हिशोबात येतच नाहीत. मराठीतले क्रॅश दुर्मीळ वाटतात त्याचं एक कारण मला हेच दिसतं: ते सोसले जातात, कळवले जात नाहीत.

कळवायला प्रोग्रामर असावं लागत नाही. लिबरऑफिससाठी डॉक्युमेंट फाउंडेशनच्या दोषनोंदवहीत खातं उघडायचं आणि ती एक ओळीची फाइल जोडायची. जोडण्याआधी शेतकऱ्यांची नावं, आधार आणि बँक खात्याचे क्रमांक खोट्यांनी बदलायचे, आणि बदलल्यावरही क्रॅश होतो ना ते तपासायचं. सिस्टीमची आवृत्ती, प्रोग्रामची आवृत्ती, फॉन्टचं नाव, आणि कोणत्या पायरीवर बंद पडतं ते लिहायचं. 'कधी कधी बंद पडतं' असं लिहू नये, दहापैकी किती वेळा ते लिहावं. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, फाइल स्वतःच बोलते. पुढे कोणी तरी स्वयंसेवक ती उघडतो. लिबरऑफिसकडे जुन्या आवृत्त्यांचे तयार साठे आहेत. त्यांत हीच अर्धं-अर्धं करण्याची रीत वापरून दोष नेमका कोणत्या बदलाने आत शिरला ते शोधता येतं. दुरुस्ती झाली की अशी छोटी फाइल अनेकदा चाचण्यांच्या संग्रहात जाते. शिवाय नोंदवहीत आलेल्या हजारो फाइली प्रोग्राममध्ये आपोआप उघडून बघण्याची व्यवस्था तिथे नियमित चालू असते, नवीन बदलांनी जुना क्रॅश परत आला का हे कळावं म्हणून.